मोठ्या जातीच्या पिल्लाचे पुढचे पाय: कॅल्शियमची बाटली उघडण्याआधी

दोन-अडीच महिन्यांचं लॅब्रेडॉर घरी येतं. पहिले आठ-दहा दिवस कौतुकात जातात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की पिल्लू उभं राहिलं की पुढचे पंजे पसरतात, बोटं फाकतात आणि पाय खालच्या सांध्यात खचल्यासारखा दिसतो. शेजारचे काका म्हणतात, कॅल्शियम कमी पडलंय. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते सांगतात, रोज अंडं द्या आणि कोवळ्या उन्हात बसवा. दुकानातून सिरपची बाटली येते. व्हॉट्सॲपवर कुणी पायाला पट्ट्या बांधायला सुचवतं.

सांगणाऱ्यांचा जीव पिल्लावर असतो यात शंका नाही. पण यातले बरेच उपाय मोठ्या जातीच्या पिल्लाला अपाय करू शकतात. तयार संतुलित खाद्यावर वाढणाऱ्या पिल्लाचे पुढचे पाय कॅल्शियम कमी पडून बिघडणं दुर्मीळ आहे. तिथे बहुधा जास्तीचं खाणं, वरून दिलेलं कॅल्शियम आणि पायाखालची गुळगुळीत फरशी नडते. घरच्या जेवणाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

मोठी जात म्हणजे पूर्ण वाढल्यावर साधारण ३० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड होणारा कुत्रा: लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड त्याहूनही मोठे, आणि पुढे जे काही सांगितलं आहे ते त्यांना दुपटीने लागू होतं.

ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते मनगट आहे

कुत्रा तळव्यावर चालत नाही, बोटांवर चालतो. पुढच्या पायात खालून वर गेलं तर आधी बोटं, मग आपल्या तळहाताच्या जागी असलेली छोटी हाडं, मग मनगट, त्यावर हाताची दोन लांब हाडं आणि त्यांच्या वर, छातीला लागून, कोपर. पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणून आपण जो सांधा दाखवतो, तो खरं तर मनगट असतो. पिल्लू खचलेलं दिसतं ते तिथेच.

उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. धावताना आणि उडी मारून उतरताना तो आणखी वाढतो. शिवाय पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नसतात. माणसाचा खांदा गळपट्टीच्या हाडाने छातीशी बांधलेला असतो, कुत्र्यात तसं काही नाही. दोन खांद्यांच्या मध्ये छाती स्नायूंनी टांगलेली असते, जसं बाळ झोळीत असतं तशी. झोळीचं कापड सैल पडलं की बाळ खाली येतं. खांद्याचे आणि छातीचे स्नायू कमजोर असले की छाती दोन पायांमध्ये खचते, कोपरं बाहेर पडतात आणि पंजे बाहेरच्या दिशेला वळतात. म्हणजे पंजा बिघडलेला दिसला तरी कारण वर खांद्यात असू शकतं.

पिल्लाला पुढच्या दोन पायांना किंवा काखेत धरून उचलू नये, तेही यासाठीच. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, असं उचलावं.

ओला स्लॅब

जन्माला येताना लॅब्रेडॉरचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅमचं असतं. वर्षभरात ते २८ किलोपर्यंत जातं, म्हणजे सत्तर पट. माणसाचं तीन किलोचं बाळ साठ किलोचं व्हायला अठरा वर्षं घेतं आणि तरी ती वीस पटच वाढ असते.

ही वाढ हाडाच्या टोकांजवळच्या मऊ कूर्चेच्या पट्टीत होते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे आधी कूर्चा तयार होते, मग तिचं हाडात रूपांतर होतं. वाढ संपली की पट्टी बंद होते: बऱ्याच जातींत वर्षाच्या आतबाहेर, ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींत दीड वर्षापर्यंत. तोवर ती नव्याने ओतलेल्या स्लॅबसारखी असते. आकार आलेला असतो, ताकद यायची असते. त्यावर अवेळी भार टाकला की तडा जातो किंवा बाक येतो.

मनगटाच्या वर दोन हाडं शेजारी शेजारी असतात. पुढचं, भार उचलणारं रेडियस आणि मागचं, बारीक अल्ना. दोघांनी एकाच वेगाने लांब व्हायला हवं. अल्नाची ८० टक्क्यांहून जास्त लांबी मनगटाजवळच्या एकाच ग्रोथ प्लेटमधून येते आणि कुत्र्यात ही प्लेट सपाट नसून एकात एक ठेवलेल्या दोन द्रोणांसारखी असते. सपाट पट्टीला बाजूने धक्का बसला तर ती सरकून वाचू शकते. द्रोणाला सरकायला जागाच नसते, तो चेपला जातो.

चेपलेली प्लेट वाढणं थांबवते. रेडियस मात्र वाढतच राहतं. मग अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी होते. दोरी लांब होत नाही, त्यामुळे काठी वाकते. पाय पुढे बाकतो, पंजा बाहेर वळतो, कोपराचा सांधा ताणला जातो. सोफ्यावरून एकदा वाईट पडलेलं पिल्लू दोन दिवस लंगडतं, बरं होतं आणि तीन-चार आठवड्यांनी पाय वाकडा दिसू लागतो, तो असा.

मनगट खचलंय, पण दुखत नाही

दीड ते चार महिन्यांच्या मोठ्या जातीच्या पिल्लात बहुतेक वेळा जे दिसतं त्याचं नाव कार्पल लॅक्सिटी, म्हणजे मनगटाचा सैलपणा. हाडं भराभर लांब होतात, वजन वाढतं आणि त्यांना धरून ठेवणारे स्नायू आणि बंध मागे पडतात. मग मनगट मागे झुकतं आणि पिल्लू मनगटाच्या गादीपर्यंत टेकून सपाट चालतं. काही पिल्लांत उलट होतं, मनगट पुढे दुमडतं आणि पाय मधूनच लटपटतो. जास्त करून दोन्ही पायांत सारखंच दिसतं. दाबलं तर पिल्लू ओरडत नाही, खेळणं-खाणं नेहमीसारखं असतं.

जमीन, खाणं आणि हालचाल सुधारली की हा सैलपणा साधारण एक ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. आपण होऊन फळी, पट्टी किंवा प्लास्टर बांधू नये. बांधलेला पाय काम करत नाही, काम न करणारा स्नायू बारीक होतो आणि पट्टी सोडली की मनगट आधीपेक्षा जास्त खचतं. मनगट पुढे दुमडण्याच्या तीव्र प्रकारात पशुवैद्य थोडे दिवस आधार बांधतात, पण तो निर्णय त्यांचा.

मनगटाखालचा थोडा उतार हा दोष नसतो, हेही लक्षात ठेवावं. जर्मन शेफर्डच्या जागतिक मानकातच हा कोन २० ते २२ अंश दिलेला आहे. आपल्याकडच्या कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्याचे पंजे मुळातच लांबट असतात, ते रॉटवायलरच्या गोल, मुठीसारख्या पंजाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पिल्लाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करावी. दर रविवारी एकाच जागी, पिल्लू नीट उभं असताना, समोरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढा. डोळ्यांना रोज पाहून फरक कळत नाही, फोटोत कळतो.

पहिला उपाय: फरशी

शहरातल्या फ्लॅटमधली अडचण अशी, की पिल्लू आठ आठवड्यांचं येतं आणि लसीकरण पूर्ण व्हायला सोळा आठवडे लागतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने तोवर त्याला मैदानात नेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मनगट सैल असण्याचा काळही नेमका हाच. म्हणजे ज्या दोन महिन्यांत पंज्याला पकड लागते, ते पिल्लू व्हिट्रिफाइड टाइल्सवर काढतं.

पकड मिळाली की बोटं आपोआप आवळली जातात, मनगटामागचे स्नायू ताणले जातात, पाय उभा राहतो. गुळगुळीत फरशीवर पाय बाहेर सरकतो, तो सावरायला पिल्लू बोटं फाकवतं, पाय रुंद ठेवतं आणि तीच त्याची उभं राहण्याची सवय बनते. शेवाळलेल्या दगडावरून आपण कसे चालतो ते आठवलं तर हे लगेच कळेल.

पूर्ण घर झाकायची गरज नाही. पिल्लाचा रोजचा रस्ता शोधा: अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून शी-शूच्या जागेपर्यंत, आणि दारापर्यंत, कारण बेल वाजली की ते तिकडेच सुसाट पळतं. एवढ्या रस्त्यावर एकमेकांत अडकणाऱ्या रबरी चटया टाका, किंवा खाली रबर असलेलं काथ्याचं पायपुसणं. गोणपाट किंवा सतरंजी चालते, पण तिच्याखाली घसरण रोखणारी जाळी हवीच. नुसती सतरंजी टाइलवर पिल्लासकट सरकते. जेवणाच्या भांड्याखाली चटई विसरू नका. खाताना पिल्लू दहा मिनिटं पुढच्या पायांवर भार टाकून उभं असतं.

शी-शूसाठी पसरलेली वर्तमानपत्रं हा घसरण्याचा सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे. टाइलवर कागद, वर ओलावा. त्याऐवजी कडांना उंचवटा असलेला ट्रे आणि त्यात कापडी पॅड ठेवा. फरशी पुसल्यावर पूर्ण कोरडी होईपर्यंत पिल्लाला तिथे सोडू नका. जुनी, खडबडीत शहाबादी फरशी किंवा गच्चीचा कोबा पायांना कितीतरी चांगला, मात्र गच्चीवर उन्हाळ्यात हाताचा पंजा सात सेकंद टेकवता येत नसेल तर पिल्लाला नेऊ नका. लस पूर्ण होण्याआधीही, ज्यांच्या कुत्र्यांना सगळ्या लसी मिळाल्या आहेत अशा ओळखीच्यांच्या अंगणात, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत, थोडा वेळ नेता येतं. पशुवैद्यांना विचारून हे जरूर करावं.

नखं

टाइलवर चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत. उभं असताना नख जमिनीला टेकलं की जमीन त्याला मागे ढकलते, बोट वर उचललं जातं, पंजा उघडतो आणि भार मनगटावर मागे सरकतो. दर आठवड्याला टोकाचा एक-दीड मिलिमीटर कापा. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या आधी थांबावं. काळ्या नखाच्या पातळ चकत्या काढत जावं. कापलेल्या जागी मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की थांबावं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. मनगटाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही आणि वळून कातडीत घुसतं. तेही कापा. गोल्डनसारख्या केसाळ पिल्लाच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला छाटा, नाहीतर ते मोजे घातल्यासारखं घसरतं.

गुटगुटीत पिल्लू हे चांगलं लक्षण नाही

हे आपल्याला पटायला जड जातं, कारण गुबगुबीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ ही आपली पक्की समजूत आहे. पण ओल्या स्लॅबवर जास्त वजन म्हणजे काय, ते पाहा.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रेट डेनची पिल्लं दोन गटांत वाढवली. एका गटाला हवं तितकं खायला दिलं, दुसऱ्याला त्याच्या दोन-तृतीयांश. हवं तितकं खाणारी पिल्लं झपाट्याने वाढली आणि हाडा-सांध्यांचे विकार त्यांच्यातच जास्त दिसले. पुढे अमेरिकेतच ४८ लॅब्रेडॉरना, आठ आठवड्यांच्या वयापासून, जोड्या लावून वाढवलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळे. २००२ मध्ये आयुष्यभराचा निकाल प्रसिद्ध झाला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं, आणि सांध्यांची झीज कमी खाणाऱ्यांत उशिरा आणि कमी.

बेताचं खाल्ल्याने कुत्रा लहान राहतो का? नाही. उंची आनुवंशिकतेने ठरते. संतुलित पण बेताचं खाणारं पिल्लू तीच उंची गाठतं, फक्त थोडी सावकाश.

बेताचं म्हणजे किती, हे पिल्लाच्या बरगड्यांवर हात ठेवून कळतं. एका हाताची मूठ आवळा आणि उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर पिल्लू बारीक आहे. आता तळहात उघडून सपाट धरा आणि बोटांच्या मुळाशी, हाताच्या पाठीवरून बोट फिरवा: असं लागलं तर बरोबर. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर जास्त. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी, बाजूने पाहिल्यावर पोट वर चढलेलं.

खाद्य वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. पुड्यावरच्या तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. सहा महिन्यांपर्यंत दिवसाचं माप तीन वेळांत वाटा, नंतर दोन. दर आठवड्याला पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. बरगड्या लागेनाशा झाल्या तर माप दहा टक्के कमी. भांडं दिवसभर भरून ठेवू नये. पंधरा मिनिटांत जे उरलं ते उचलावं.

प्रोटीनची भीती मात्र सोडून द्या. जास्त प्रोटीनने हाडं बिघडतात ही समजूत ग्रेट डेनवरच तपासली गेली आणि खरी ठरली नाही. जास्तीच्या कॅलरी आणि जास्तीचं कॅल्शियम, खरे त्रासदायक हे दोन.

कॅल्शियम: जास्त झालं तर काय बिघडतं?

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या पोटात जास्त कॅल्शियम गेलं तर आतडी ते कमी शोषतात. सहा महिन्यांखालच्या पिल्लाकडे हे दार बंद करायची सोय पुरेशी नसते. जितकं जास्त द्याल, तितकं जास्त आत शिरतं. रक्तात ते वाढू नये म्हणून शरीर हाडांची मोडतोड-बांधणी मंदावतं. पण ग्रोथ प्लेटमधल्या कूर्चेचं हाड होण्यासाठी हीच मोडतोड-बांधणी लागते. ती अडली की कूर्चा तशीच जाड राहते आणि याचा मोठा फटका अल्नाच्या त्या द्रोणासारख्या प्लेटला बसतो. मग तेच धनुष्य. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८५ मध्ये ग्रेट डेन पिल्लांना नेहमीच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम दिलं गेलं, तेव्हा त्यांच्या हाडांत हेच बिघाड दिसले.

अमेरिकेतल्या खाद्य-मानकांची संस्था आफको मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची मर्यादा घालून देते: ओलावा वगळून खाद्याच्या वजनाच्या किमान १.२ टक्के, कमाल १.८ टक्के. कॅलरीच्या हिशेबात, दर १००० कॅलरीमागे ३ ते ४.५ ग्रॅम. इतर पिल्लांसाठी वरची मर्यादा २.५ टक्के आहे, मोठ्या जातीसाठी ती मुद्दाम खाली आणली आहे.

आता हिशेब करू. दहा किलोचं पिल्लू दिवसाला ३०० ग्रॅम कोरडं खाद्य खातं, त्यात १.२ टक्के कॅल्शियम आहे. म्हणजे ३.६ ग्रॅम. तेवढ्या खाद्यातून सुमारे ११०० कॅलरी मिळतात, म्हणजे दर हजारामागे ३.३ ग्रॅम. अगदी बरोबर. घरच्यांनी प्रेमाने त्यावर अंड्याच्या कवचाची एक चमचा पूड भुरभुरली. चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम, पुडीत जवळजवळ १.९ ग्रॅम कॅल्शियम असतं. बेरीज ५.५ ग्रॅम, दर हजारामागे ५. एका चमच्याने मर्यादा ओलांडली. सिरपही हेच करतं.

म्हणून ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं लिहिलेलं संपूर्ण खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियमचा एक थेंबही घालू नका. पाय खचलेले दिसत असतील तर मुळीच नको.

जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियम देण्याची पद्धत फार पसरलेली आहे. कान कूर्चेचा असतो, हाडाचा नाही. दात बदलण्याच्या काळात उभे राहिलेले कान पुन्हा पडतात आणि बहुतेक वेळा आपोआप उभे राहतात. कानासाठी दिलेलं कॅल्शियम पायात जाऊन बसतं.

घरचं जेवण देत असाल तर गणित उलटं

भात-चिकन, दूध-पोळी किंवा नाचणीच्या आंबिलीवर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरंच कमी पडतं. वरच्याच दहा किलोच्या पिल्लाला दिवसाला किमान ३.३ ग्रॅम, म्हणजे ३३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. बिनहाडाच्या १०० ग्रॅम चिकनमध्ये दहा-पंधरा मिलिग्रॅम असतं. ४०० ग्रॅम चिकन, भात आणि वर अर्धा लिटर दूध धरलं तरी बेरीज ७०० च्या आसपास, गरजेच्या पाचवा हिस्सा. चिकनमध्ये फॉस्फरस मात्र भरपूर, कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट. हे प्रमाण कॅल्शियमच्या बाजूने १:१ ते २:१ असायला हवं. तोल बिघडला की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते उपसू लागतं. हाडं पातळ होतात, पाय वाकतात, छोट्याशा उडीत हाड मोडतं.

नुसतं सिरप ओतून हे सुटत नाही, कारण जस्त, तांबं आणि ड जीवनसत्त्वही कमी असतात. पशुवैद्यांकडून पिल्लाच्या वजनाला बेतलेली, ग्रॅममध्ये लिहिलेली पाककृती घ्या आणि दर महिन्याला ती बदलून घ्या. ते जमणार नसेल तर तयार खाद्य मुख्य ठेवा आणि चिकन, अंडं, दही, भात मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवा. अर्धं हे, अर्धं ते, असं अंदाजाने करू नका.

ऊन आणि पाया सूप

मुलांचा मुडदूस उन्हाने टळतो, कारण माणसाची त्वचा उन्हात ड जीवनसत्त्व बनवते. कुत्र्याची त्वचा ते पुरेसं बनवू शकत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. कोवळ्या उन्हात पिल्लू लोळलं तर छानच, पण त्याने पाय सरळ होणार नाहीत.

पायाचं सूप चविष्ट असतं, पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं. मीठ-मसाला आणि कांदा-लसूण घातलेलं सूप तर पिल्लाला देऊच नये, कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशींना घातक असतो. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या टोकदार चिपा होतात.

व्यायाम: किती आणि कुठला

पिल्लाला आराम द्यावा की पळवावं, यावर घरात दोन तट पडतात. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. स्नायूंची झोळी घट्ट व्हायची तर काम हवं, पण ते पिल्लाच्या मर्जीचं, मऊ जमिनीवरचं आणि थांबायची मुभा असलेलं.

नॉर्वेत सुमारे ५०० पिल्लांचा अभ्यास झाला, लॅब्रेडॉर त्यांत होते. तीन महिन्यांच्या आत नियमित जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत मागच्या कमरेच्या सांध्याचा बिघाड जास्त आढळला, आणि मोकळ्या, चढ-उताराच्या मऊ जमिनीवर पट्ट्याविना हुंदडणाऱ्यांत कमी. अभ्यास मागच्या पायांचा होता. पण जिना उतरताना सगळा भार पुढे येतो, तेव्हा पुढच्या पायांसाठीही हा सल्ला धरून चालावा. लिफ्ट नसेल तर तीन महिन्यांपर्यंत उचलून न्या. नंतर उचलणं जमेनासं झालं की पट्टा आखूड धरून, एकेक पायरी, सावकाश.

महिन्यागणिक पाच मिनिटं चालवा, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्यामागे संशोधन नाही. तरी डांबरी रस्त्यावर पट्टा लावून चालवण्यापुरता तो वाईट नाही: तीन महिन्यांच्या पिल्लाला पंधरा मिनिटं. गवतावरच्या आपल्या मर्जीच्या खेळाला घड्याळ लावायची गरज नाही. पिल्लू बसलं की खेळ संपला.

पुढच्या पायांसाठी खास करण्यासारखं बरंच आहे. माती उकरू द्या, ओल्या वाळूत आणि उंच गवतात चालवा. हलक्या चढावर सावकाश न्या. गोधडीची चौपदरी घडी करून पुढचे दोन पाय तिच्यावर ठेवायला लावा आणि खाऊ नाकासमोर डावीकडे-उजवीकडे सावकाश फिरवा. डगमगत तोल सांभाळताना खांद्याचे आणि बोटांचे स्नायू काम करतात. दिवसातून दोनदा, प्रत्येकी दोन मिनिटं. चार महिन्यांनंतर झाडूच्या चार जुन्या दांड्या जमिनीवर, पिल्लाच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतरावर, आडव्या ठेवा आणि त्यांवरून सावकाश चालवा. उंच करू नका, उडी मारायला लावू नका. पाय उचलून नेमका ठेवणं, एवढंच हवं.

टाळायचं ते असं: स्कूटर किंवा सायकलला बांधून पळवणं, टणक जमिनीवर चेंडू फेकून गर्रकन वळायला लावणं, सोफा, पलंग आणि गाडीच्या डिकीतून उडी. वर्ष होईपर्यंत, महाकाय जातीत दीड वर्षापर्यंत. दिवसभर पिंजऱ्यात किंवा साखळीला ठेवणंही तितकंच वाईट.

नसबंदी कधी?

ग्रोथ प्लेट बंद होण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २०१६ च्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या जर्मन शेफर्ड नरांपैकी २१ टक्क्यांना सांध्याचा विकार आढळला, नसबंदी न केलेल्यांत ७ टक्क्यांना. घरात सांभाळलेल्या मोठ्या जातीसाठी वर्षभर थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा, तिथे हा हिशेब लावू नये.

डॉक्टरकडे कधी पळायचं

दोन्ही पाय सारखेच सैल आणि न दुखणारे असतील तर दोन-तीन आठवडे फरशी आणि खाणं सुधारून पाहता येतं. पण एकच पाय वाकडा होत असेल, लंगडणं दोन दिवसांत थांबत नसेल, पडल्यानंतर दुखत असेल, तर लगेच जावं. मनगटाच्या वर गरम, दुखरी सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी. दोन ते सहा महिन्यांच्या, भराभर वाढणाऱ्या पिल्लांत हाडांच्या टोकांना येणारी अशी सूज फार वेदनादायक असते. पाच-सहा महिन्यांनंतर झोपून उठल्यावर लंगडणं आणि कोपर बाहेर काढून उभं राहणं हे कोपराच्या सांध्याच्या वाढीतल्या विकाराचं चिन्ह असू शकतं. लॅब्रेडॉर आणि रॉटवायलरमध्ये तो आनुवंशिक आहे, म्हणून पिल्लू घेण्याआधीच आई-वडिलांच्या कोपराचे आणि कमरेचे एक्स-रे मागावेत. आज एक पाय, पुढच्या आठवड्यात दुसरा, असं लंगडणं जर्मन शेफर्डमध्ये वाढीच्या वयात दिसतं. गोचीड चावून होणारा तापही लंगडवतो, तेव्हा रक्ततपासणी करावी.

घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड किंवा आतडी निकामी करू शकतात.

जाताना खाद्याच्या पुड्याचा फोटो, रोजचं माप, दिलेली सगळी सिरपं आणि दर रविवारचे फोटो घेऊन जा. एक्स-रे दोन्ही पुढच्या पायांचा मागा. वाढत्या पिल्लात कुठली प्लेट बंद होत आहे हे दुसऱ्या पायाशी ताडूनच नीट कळतं. जवळ सोय नसेल तर मुंबईत परळ, तसंच शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अल्नाची प्लेट खरंच बंद पडली असेल तर शस्त्रक्रियेने त्या हाडाचा छोटा तुकडा काढून धनुष्याची दोरी सोडवता येते आणि उरलेल्या वाढीत पाय पुष्कळसा सरळ होतो. मात्र त्यासाठी वाढ उरलेली असावी लागते. पाचव्या महिन्यात गेलात तर ती असते, दहाव्या महिन्यात गेलात तर लॅब्रेडॉरमध्ये ती जवळजवळ संपलेली असते.